घराचे कागद अजून कपाटातच राहू दे

'ताई, मी २४ वर्षांचा आहे. नागपूरच्याच एका कॉलेजातून मेकॅनिकलचं बीई केलं, सीजीपीए ७.९. अडीच वर्षांपासून मिहानमधल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे. दीड वर्षापासून बँक निफ्टीचे ऑप्शन्स ट्रेड करतोय, त्यातूनच फायनान्शियल इंजिनिअरिंगची आवड लागली, त्यातच मास्टर्स करायचं आहे. जीआरई ३२५, क्वांट १६८. धरमपेठेतल्या एका कन्सल्टंटने अमेरिकेतल्या ११ युनिव्हर्सिटींची लिस्ट दिली आहे, म्हणतात या वर्षीच भरून टाक, पुढे व्हिसा अजून कठीण होईल. बाबा पुढच्या वर्षी एसटीतून रिटायर होतायत, मनीषनगरचं घर तारण ठेवून ६० लाखांचं लोन काढायला तयार आहेत. आई काही बोलत नाही. मित्र म्हणतात अमेरिका आता संपली, काऊन जाऊन राहिला. या वर्षी अप्लाय करू का? आणि माझं होईल का?'

आधी उत्तर देते, कारणं मग सांगते, कारण तू उत्तरासाठी ताटकळला आहेस हे पत्रातून कळतं. या वर्षी नको भरू. पुढच्या वर्षी भर, आणि ११ नको, पाच-सहाच ठिकाणी भर, जिथून होकार आला तर तू खरंच बॅग भरशील अशा. तोवर घराचे कागद कपाटात आहेत तिथेच राहू दे. 'होईल का' याचं उत्तर हो, पण आज तुझ्या हातात जे आहे त्यावर चांगल्या ठिकाणी होणं कठीण आहे, आणि आज जिथे सहज होईल तिथे ६० लाख घालावेत असं मला वाटत नाही.

या डिग्रीच्या नावात फायनान्स आधी येतं म्हणून पोरांना वाटतं मार्केटची आवड दाखवली की झालं. वर्गात गेल्यावर कळतं की हे अप्लाइड मॅथ्स आहे, त्यावर भरपूर कोडिंग, आणि फायनान्स ही ते गणित वापरायची जागा आहे. कार्नेगी मेलन, बर्कली, बारूक, कोलंबिया, एनवाययूचं कुरंट, कुठलीही वेबसाइट उघड, पूर्वतयारीत फिरून फिरून त्याच गोष्टी दिसतील: मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेली प्रोबॅबिलिटी, आणि सी प्लस प्लस किंवा पायथन. अर्ज वाचणारा माणूस तुझी मार्कशीट घेऊन एवढ्याच गोष्टी शोधत बसतो. सीजीपीए ७.९ कदाचित त्याला चालून जाईल, पण मॅथ्सच्या पेपरात काठावर पास दिसलं तर अडेल, तेव्हा एम-वनपासून एम-फोरपर्यंतच्या, म्हणजे मॅथ्सच्या चारही पेपरांचे ग्रेड आधी काढून बघ, ते तू पत्रात लिहिलेच नाहीस. जीआरई मात्र परत देऊ नकोस. क्वांट १६८ पुरेसे आहेत, दोन मार्कांसाठी परत फी आणि दोन महिने घालवण्यात काही अर्थ नाही, स्कोअर पाच वर्षं चालतो.

मेकॅनिकलचा आहे म्हणून कमीपणा वाटून घेऊ नको, उलट एका बाबतीत तू पुढे आहेस. हीट ट्रान्सफरमधलं कंडक्शनचं इक्वेशन आठवतंय? १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे खरेदी किंवा विक्री करायच्या हक्काच्या, किमतीसाठी जे समीकरण मांडलं त्यात व्हेरिएबल बदलून घेतले की तुझं हीट इक्वेशनच बाहेर येतं. आपल्या मे महिन्यातली गच्ची डोळ्यासमोर आण. पाण्याच्या टाकीची सावली पडलेली असते, सावलीतला स्लॅब जरा गार, बाहेरचा पाय ठेववत नाही इतका तापलेला, आणि मधे रेघ मारल्यासारखी हद्द. ऊन गेलं की ती हद्द हळूहळू पुसट होत जाते, गरम भागाची उष्णता गार भागात शिरते, कोपरे बोथट होतात. ऑप्शनचं हेच आहे, फक्त घड्याळ उलटं चालवायचं. एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या क्षणी कॉलच्या (खरेदीच्या हक्काच्या) पेऑफला, म्हणजे हाती येणाऱ्या रकमेच्या आलेखाला, स्ट्राइकपाशी (ठरलेल्या किमतीपाशी) टोकदार कोपरा असतो, आणि एक्स्पायरी जितकी लांब तितका तो कोपरा गोल होत जातो, आणि व्होलॅटिलिटी (भावाची चढउतार) जास्त म्हणजे स्लॅबमधून उष्णता जास्त वेगाने पसरते तसं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही बंद करून नुसती बसून राहिले होते, इतका आनंद झाला होता. इंटरव्ह्यूमध्ये 'मेकॅनिकलमधून इकडे का' असं विचारतीलच, तेव्हा तुझ्याकडे हे खरं उत्तर आहे, पण आधी ते स्वतः कागदावर एकदा सोडवून बघ, ऐकीव सांगितलं तर दुसऱ्याच प्रश्नाला पकडले जाशील.

तुझी कच्ची बाजू प्रोबॅबिलिटी असणार. मार्कशीट न बघता सांगते, कारण आपल्याकडे बीईला प्रोबॅबिलिटी म्हणजे मॅथ्सच्या पेपरातलं एखादं युनिट, आणि ते सोडलं तरी पेपर निघतो. माझं इथेच फसलं होतं. मी पण नागपूरचीच, इंजिनिअरिंग इथेच केलं, आणि या डिग्रीसाठी मला दोनदा अप्लाय करावं लागलं. पहिल्या वर्षी एका ठिकाणचा फोनवर इंटरव्ह्यू होता, आपल्या रात्रीचे साडेदहा, घरातल्यांनी टीव्ही बंद करून ठेवला होता. विचारलं, नाणं उडवत राहायचं, लागोपाठ दोन छापे येईपर्यंत सरासरी किती वेळा उडवावं लागेल? मी लगेच चार म्हटलं, दोन छाप्यांची शक्यता एक चतुर्थांश म्हणून चार. उत्तर सहा आहे. मग विचारलं, छापा आणि त्याच्या लगेच पाठोपाठ काटा येईपर्यंत किती? मी घाबरून सहा म्हटलं, आणि ते चार आहे. दोन्हींची शक्यता सारखीच, मग फरक का पडतो? छापा-काटा हवा असेल आणि हातात एक छापा आला, तर पुढे परत छापा पडला तरी काही बिघडत नाही, एक छापा हातात आहेच, काट्याची वाट बघायची. छापा-छापा हवा असेल तर मधे एक काटा पडला की पाटी कोरी, परत पहिल्यापासून सुरू. हे ऐकलं की सोपं वाटतं, पण फोनवर समोरचा गप्प बसलेला असताना सुचायला हाताला वळण पडलेलं असावं लागतं, आणि ते वळण रोज दोन-तीन प्रॉब्लेम असे सात-आठ महिने केल्याशिवाय पडत नाही. त्या वर्षी सात ठिकाणी भरलं होतं, सातही ठिकाणांहून नकार आला. पुढच्या वर्षी माझी मार्कशीट तीच होती, कॉलेज तेच होतं, बदललं होतं ते हाताला पडलेलं हे वळण, एवढंच.

आणि तुझ्यासाठी आज जे फुकट उपलब्ध आहे त्यातलं बरंचसं आम्हाला नव्हतं. हार्वर्डचा स्टॅट ११० हा प्रोबॅबिलिटीचा अख्खा कोर्स यूट्यूबवर पडला आहे, प्रॉब्लेम सेट्स उत्तरांसकट मिळतात. लिनिअर अल्जिब्रासाठी एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग यांची लेक्चर्स, तीही फुकट. मॅथेमॅटिकल फायनान्सवर आयआयटी गुवाहाटीचा कोर्स एनपीटेलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे. पण नुसतं पाहिलं याचा अर्जात काही पुरावा राहत नाही, म्हणून एक-दोन कोर्स असे कर जिथे परीक्षा आणि ग्रेड मिळतो. एनपीटेलची सेंटरवर जाऊन द्यायची परीक्षा आहे, इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या नेटमॅथमध्ये घरी बसून क्रेडिटवाली प्रोबॅबिलिटी करता येते पण त्याचे डॉलरमध्ये चांगले पैसे पडतात, आणि बारूक कॉलेज स्वतः प्री-एमएफई (या मास्टर्सच्या पूर्वतयारीचे) सेमिनार घेतं, कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटीचे, ऑनलाइन. पैशाची चणचण असेल तर आधी एनपीटेल, मग जमलं तर यातलं एक. कोडिंगमध्ये पायथन तुला टेस्टिंगमुळे थोडं येत असेल, सी प्लस प्लस मात्र शून्यापासून धरावं लागेल, आणि ते रोज अर्धा तास असं हळूहळूच बसतं.

आता ट्रेडिंगबद्दल, आणि हे तुला कडू लागेल. दीड वर्ष बँक निफ्टीचे ऑप्शन्स केले हे अर्जात अनुभव म्हणून लिहू नकोस. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढला होता, तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या किरकोळ ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुझा नफा झाला असला तरी वाचणारा त्याला नशीब समजेल, आणि तोटा झाला असेल तर, बेटा, आधी ते थांबव, कारण तो पैसा तुझ्या ॲप्लिकेशनचा आणि तिकिटाचा आहे. पण त्यातून जे दिसलं त्याचं सोनं करता येतं. एनएसईच्या साइटवर रोजची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची फाइल, फुकट मिळते. सहा महिन्यांचा निफ्टी ऑप्शन्सचा डेटा उतरव, प्रत्येक स्ट्राइकची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (ऑप्शनच्या भावातून उलटी काढलेली चढउतार) काढ, ती सरळ रेघ न येता वाकडी का येते ते बघ, पुट-कॉल पॅरिटी (विक्रीच्या आणि खरेदीच्या हक्कांच्या किमतींमधलं नातं) कुठे जुळत नाही ते शोध आणि जुळत नसेल तर डेटा शिळा आहे की खरंच फरक आहे हे तपास. निफ्टीचे ऑप्शन्स युरोपियन पद्धतीचे, फक्त एक्स्पायरीलाच वापरता येणारे, त्यामुळे ब्लॅक-शोल्स तिथे सरळ लावता येतं. असा एक प्रोजेक्ट, स्वतःच्या कोडसकट, आणि त्यात काय चुकलं हे प्रामाणिकपणे लिहिलेलं असेल, तर दीड वर्षाच्या ट्रेडिंगपेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त पडेल.

आणि एक गोष्ट तू पत्रात अगदी दबक्या आवाजात लिहिली आहेस, टेस्टिंगला आहे म्हणून. अरे, ती तुझी सगळ्यात भक्कम बाजू आहे. २००८ च्या संकटानंतर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०११ मध्ये मॉडेल रिस्कची नियमावली काढली, बँकेत वापरलं जाणारं गणिती मॉडेल ज्याने बनवलं त्याच्यापेक्षा वेगळ्या, स्वतंत्र माणसाने तपासायचं. त्यातून मॉडेल व्हॅलिडेशन नावाचं मोठं क्षेत्र उभं राहिलं, मी स्वतः अनेक वर्षं तेच केलं. दुसऱ्याने बनवलेली गोष्ट कुठे मोडेल ते शोधायचं, टोकाचे इनपुट देऊन बघायचं, आणि मग बनवणाऱ्याला न दुखवता पण न घाबरता लिहून द्यायचं. अडीच वर्षं तू दुसरं काय करून राहिला आहेस? एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा 'मला हे का शिकायचंय' हा निबंध, इथून सुरू कर. एखादा खरा बग घे जो तू पकडला, तो कसा सापडला ते सांग, आणि तिथून मॉडेल तपासण्याकडे ये. हे असं बाकीच्या शंभर अर्जांत नसेल. शिवाय हेच काम मुंबई-बंगळुरूतही होतं, जेपी मॉर्गन, मॉर्गन स्टॅन्ली, गोल्डमन सॅक्स यांची तिथे मोठी ऑफिसं आहेत, म्हणजे अमेरिकेत काही बिनसलं तरी परत येऊन पोट भरेल असं हे शिक्षण आहे, फक्त रुपयातल्या पगारात डॉलरच्या खर्चासाठी काढलेलं लोन फेडणं वेगळं, त्यावर येते.

कन्सल्टंटची लिस्ट मी बघितलेली नाही, पण ११ नावं म्हटली की त्यातली निम्मी सहज सीट मिळते म्हणून टाकलेली असतात हा माझा अनुभव आहे, आणि काही युनिव्हर्सिटी विद्यार्थी पाठवणाऱ्याला कमिशन देतात हेही लक्षात ठेव, तेव्हा एकदा सरळ विचार की यातल्या कुठून तुम्हाला पैसे मिळतात. फॉर्मची फीच एका ठिकाणी १०० डॉलरच्या आसपास, काही ठिकाणी बरीच जास्त, ११ ठिकाणी लाखभर रुपये नुसते फॉर्ममध्ये गेले. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणचा प्लेसमेंट रिपोर्ट शोध. जिथे तो छापलेलाच नाही ते नाव खोड, मी हे अगदी ठाम सांगते. जिथे आहे तिथे पहिल्या पानावरचा मोठा टक्का सोड आणि बारीक अक्षरं वाच. किती जणांनी माहिती दिली, 'नोकरी शोधणारे' म्हणून कुणाला मोजलं, पास होतानाचा आकडा किती आणि तीन महिन्यांनंतरचा किती, पगार सरासरी दिलाय की मध्यक, पदांच्या नावात क्वांट (गणिती मॉडेलवर काम करणारा) आणि रिस्क दिसतंय की नुसतं ॲनालिस्ट, आणि किती जण आपापल्या देशात परतले. मग लिंक्डइनवर त्या प्रोग्रॅममधून गेल्या दोन-तीन वर्षांत पास झालेली भारतीय पोरं शोध, त्यातल्या दहा जणांना दोन ओळी लिही, तीन तरी उत्तर देतील, आणि त्यांच्याकडून जे कळेल ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

माझ्या मते तुझ्या पाच-सहांत बारूक असायलाच हवं. न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाचा भाग असल्याने फी मोठ्या खासगी ठिकाणांपेक्षा बरीच कमी आणि नोकऱ्यांचं नाव उत्तम, पण बॅच लहान, इंटरव्ह्यू कडक, नाण्याचे प्रश्न तिथे ठरलेले समज. एक-दोन कार्नेगी मेलन किंवा बर्कलीसारखी उंच उडीची, बर्कलीचा वर्ग मार्चमध्ये सुरू होतो म्हणून तिथल्या तारखा वेगळ्या असतात, ते चुकवू नको. जॉर्जिया टेक, नॉर्थ कॅरोलिना स्टेट ही सरकारी विद्यापीठं बघ, न्यूयॉर्कच्या मानाने राहणं तिथे परवडतं. आणि अमेरिकेबाहेरचं एक तरी ठेव, सिंगापूरचं एनयूएस किंवा टोरंटोचं एमएमएफ (मॅथेमॅटिकल फायनान्सची मास्टर्स). झुरिकचं पण चांगलं आहे, फी अमेरिकेच्या मानाने किरकोळ, पण गणिताची अट कडक आणि शहर महाग.

पैशाकडे येते. न्यूयॉर्कमधल्या खासगी विद्यापीठाची फी आणि राहणं-खाणं धरलं तर लाख डॉलरच्या पुढे सहज जातं, डॉलर ९० धरला तर ९० लाख, म्हणजे तुझे ६० लाख तिथे पुरणारच नाहीत हे कन्सल्टंटने सांगितलं का? आता ६० लाखांचंच गणित कर. ११ टक्के व्याज, दहा वर्षं, तर हप्ता महिन्याला ८२-८३ हजार. अमेरिकेत नोकरी असेल तर ते साधारण ९२० डॉलर, चिमटा बसेल पण फिटेल. नागपूरला परत यावं लागलं तर? आणि हप्ता सुरू व्हायच्या आधी, शिकत असतानाच, पूर्ण रक्कम उचलल्यावर महिन्याला ५५ हजार नुसतं व्याज चढत असतं. बाबांची पेन्शन किती येणार आहे तो आकडा या ५५ हजारांच्या शेजारी लिही आणि दोघं मिळून बघा.

हे मी घाबरवायला नाही सांगत, भोगलंय म्हणून सांगते. आमचं प्रतापनगरचं घर तारण होतं. मी डिसेंबर २००८ मध्ये पास झाले, आणि त्याच सप्टेंबरच्या १५ तारखेला लेहमन ब्रदर्स बुडाली होती. ज्या बँकांनी कॅम्पसवर यायचं त्या स्वतःच माणसं काढत होत्या. ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायची तात्पुरती परवानगी, सुरू झाल्यावर ९० दिवस नोकरीशिवाय काढले की मुक्काम संपला, हा नियम त्याच वर्षी आला होता, आणि मी कॅलेंडरवर दिवस खोडत होते. बाबा दर रविवारी फोन करायचे आणि नोकरीचं अवाक्षर काढायचे नाहीत, जेवलीस का, थंडी किती आहे, एवढंच. ते न विचारणं फार लागायचं. ८१ व्या दिवशी न्यू जर्सीतल्या एका लहान विमा कंपनीत नोकरी लागली, तिथून पुढे बँकेत गेले, घर सुटलं. पण नऊ दिवस उरले होते, आणि ते मी कधी विसरले नाही.

म्हणून घर अगदी शेवटी. आधी बाकीचं हलवून बघ. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना लोन स्कॉलरशिप देतं, त्याचा फॉर्म वेळेत भर. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, अनुसूचित जातीतला असशील तर समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ, ओबीसी आणि व्हीजेएनटीसाठीही राज्याची वेगळी योजना आहे, उत्पन्नाच्या आणि रँकिंगच्या अटी आधी वाचून त्याप्रमाणेच युनिव्हर्सिटी निवड. बँकेच्या लोनमधून फी पाठवली तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) लागत नाही. आणि वर्षभर तू नोकरी करून ट्रेडिंग थांबवलंस तर फॉर्म, व्हिसा आणि तिकिटाचा खर्च तुझ्याच खिशातून निघेल, बाबांकडे तेवढ्यासाठी हात पसरावा लागणार नाही.

अमेरिका संपली का? मित्रांना सांग, संपली नाही, पण आधीसारखी पण नाही. शिकून झालं की १२ महिन्यांचं ओपीटी, आणि कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मोडत असेल तर आणखी २४, असे मिळून तीन वर्षं. प्रत्येक प्रोग्रॅमला मेल करून विचार की आय-ट्वेंटीवर (युनिव्हर्सिटी व्हिसासाठी देते त्या फॉर्मवर) कुठला सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा कोड, येतो, २७.०३०५ म्हणजे फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, ते स्टेम आहे, नुसता जनरल फायनान्सचा कोड आला तर स्टेमची २४ महिन्यांची वाढ विसर. त्यापुढे एच वन बी हा नोकरीचा व्हिसा, वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, मागणी त्याच्या कितीतरी पट. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी लावली, मग खुलासा आला की तिथेच विद्यार्थी व्हिसावर असलेल्याचं स्टेटस बदलताना ती लागत नाही. हे असंच हलत राहणार. म्हणून माझं गणित सरळ आहे, एच वन बी मिळणारच नाही असं धरून चाल आणि तीन वर्षांच्या पगारात किती लोन फिटतं ते काढ. जो प्रोग्रॅम या हिशेबात बसतो तोच तुझा. कन्सल्टंट म्हणतो पुढच्या वर्षी व्हिसा कठीण होईल, असेलही, पण कच्च्या तयारीनिशी मुंबईला जाऊन बीकेसीच्या काउंटरवर उभं राहिलास तर तो याच वर्षी कठीण आहे.

बाकीचं पटापट. रेकमेंडेशन दोन-तीन लागतात, आपल्याकडे सर म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. तसं करू नकोस, तीन पत्रांची भाषा एकसारखी आली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. मॅथ्सच्या किंवा हीट ट्रान्सफरच्या सरांना जाऊन भेट, आपले ग्रेड आणि प्रोजेक्ट एका कागदावर देऊन ये, आणि पत्र कॉलेजच्या ईमेलवरूनच जाईल असं बघ. एक पत्र मॅनेजरचं घे. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात उन्हाळ्यातच अर्ज टाक, दिवाळीच्या सुट्टीत अडकलं तर पहिल्या फेरीच्या तारखा हातातून जातात, आणि पहिल्या फेरीत भरणं इंटरनॅशनल विद्यार्थ्यासाठी फार महत्त्वाचं आहे, व्हिसाला वेळ मिळतो आणि सीट्सही शिल्लक असतात. वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटीची फायनान्शियल इंजिनिअरिंगची ऑनलाइन मास्टर्स आहे, ट्यूशन फी शून्य. तिची अमेरिकेत नोकरीसाठी किंमत वेगळी, पण दोन-तीन विषय करून बघ, हे काम आपल्याला रोज आठ तास आवडेल का ते घर गहाण न टाकता कळेल.

आता आईचं. तू लिहिलंस, आई काही बोलत नाही. माझी आई पण तेव्हा काही बोलली नव्हती, आणि मी ते होकार समजून चालले होते. दहा वर्षांनी एकदा पोहे करता करता सहज म्हणाली की त्या चार महिन्यांत ती रात्री उठून दाराची कडी लागली आहे का ते बघून यायची. घर तिचं पण आहे, कागदावर नाव कुणाचंही असो. या रविवारी बाबा नसताना तिच्यासमोर बस, वरचे आकडे तिला मराठीत समजावून सांग, ८३ हजार, ५५ हजार, तीन वर्षं, आणि मग तिला काय वाटतं ते विचार, आणि मधे बोलू नकोस.

ते झालं की मला परत लिही. सोबत मॅथ्सचे चारही ग्रेड पाठव, आणि एक गणित सोडवून पाठव: नाणं उडवत राहायचं, लागोपाठ तीन छापे येईपर्यंत सरासरी किती वेळा? उत्तर नेटवर मिळतं, मला कागदावरच्या पायऱ्यांचा फोटो हवा आहे.